लायसन्स हरवलेल्या भाच्यास मामाचे कानमंत्र

भाचेराव,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं, घरात कुणाचं काही बरंवाईट झालं. मग कळलं, नालासोपाऱ्याला गाडीत चढताना तुझं पाकीट गेलं आणि त्यात लायसन्स होतं. मी हसलो म्हणून ताई रागावली. पण हसू नको तर काय करू? चाळीस वर्षं मी वसईची फुलं टेम्पोतून दादरला नेली. त्यात लायसन्स तीनदा हरवलं, एकदा शर्टाबरोबर धुतलं, आणि काही महिने एकाच वेळी दोन-दोन बाळगून शहाणपणाही मिरवला. एवढी फी भरून शिकलेली विद्या तुला फुकट देतोय, तेव्हा फोन बाजूला ठेवून वाच. बरं, फोनवरच वाचत असशील तर रील बंद करून वाच.

१. आधी घाम पूस. हरवलं ते कार्ड, लायसन्स जागच्या जागी आहे — गाडी चालवायची परवानगी सरकारच्या 'सारथी' नावाच्या नोंदीत असते. सातबाऱ्याचा उतारा हरवला म्हणून कुणाचं शेत जात नाही.

२. आजच डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहन फोनवर घेऊन त्यात लायसन्स उतरवून ठेव — २०१८ साली केंद्राच्या मोटार वाहन नियमांत बदल झाला, तेव्हापासून या दोन ठिकाणचं लायसन्स कार्डाइतकंच चालतं. झेरॉक्स किंवा गॅलरीतला फोटो दाखवून मात्र हवालदाराशी कायदा बोलू नकोस, तिथे तोच बरोबर असतो.

३. लायसन्स पाकिटातच होतं म्हणतोस, तरी आधी घर शोध, पण डोकं लावून: कालची पँट, स्कूटरची डिकी, पेट्रोल पंप, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झेरॉक्सचं दुकान. दुकानदाराला मशीनचं झाकण उचलायला सांग — माझं दुसऱ्या खेपेचं लायसन्स तिथेच काचेवर पालथं पडलेलं सापडलं, आणि माझ्यामागून आलेल्या दोन बायांच्या रेशनकार्डांच्या कोपऱ्यात माझा अर्धा चेहरा छापून गेला होता.

४. शोधायचं ते रात्रीच्या जेवणापर्यंत, सकाळी उठून नोंद करायची — 'मिळेल मिळेल' करत आठ दिवस गेले की तेवढे आठ दिवस तुझं नाव दुसऱ्याच्या खिशात फिरतं. मी याला म्हणतो, शोधणाऱ्याला दिवा द्यावा, पण तेल मोजून.

५. पाकीटच गेलंय, तेव्हा लायसन्सच्या आधी बँकेला फोन लाव आणि कार्डं बंद कर — चोराला तुझ्या ड्रायव्हिंगचं कौतुक नसतं. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० लाव. त्या कामात तासाला किंमत असते, दिवसाला नाही.

आता तू म्हणशील, प्लास्टिकच्या तुकड्यासाठी मामा एवढा का ओरडतोय. ऐक. लायसन्सवर तुझा फोटो, जन्मतारीख, पत्ता, बापाचं नाव आणि सही, सगळं एका ठिकाणी असतं. सिमकार्ड घ्यायला, लॉजवर खोली घ्यायला, बँकेत खातं उघडायला ते ओळखीचा पुरावा म्हणून चालतं. म्हणजे कुणी तुझ्या नावानं उभं राहायचं ठरवलं तर अर्धी तयारी तू करून दिलीस. गाडी चालवायला ते कार्ड चोराच्या काहीच कामाचं नाही, आणि आपण मात्र सगळी काळजी तेवढीच करतो.

६. संचार साथीच्या साइटवर जाऊन तुझ्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते बघ, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघ — अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'हा माझा नाही' म्हणून कळवता येतं. पहिल्यांदा बघशील तेव्हा कॉलेजात असताना फुकट मिळालेली दोन सिमंही निघतील, घाबरू नकोस.

७. सिबिलसारख्या कंपनीकडून वर्षातून एकदा तुझ्या कर्जांचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवून बघ — तू न घेतलेलं कर्ज तुला दुसरं कुणी सांगणार नाही, वसुलीवाला सोडून.

८. आधारही त्याच पाकिटात होतं ना? होतंच, मी ओळखतो तुला. आधारच्या ॲपमधून अंगठ्याचं आणि डोळ्याचं कुलूप लावून टाक — हवं तेव्हा पुन्हा उघडता येतं. आणि आज ना उद्या तुझ्या तोंडून 'सगळं एकत्र ठेवलं की हरवत नाही' हे ऐकायला मिळेल, तर आताच सांगतो: सगळं एकत्र ठेवलं की सगळं एकत्र हरवतं.

आता पोलीस ठाण्याचं. तिथे जायला आपली माणसं उगाच बिचकतात. 'हरवलंच तर आहे, त्यात पोलीस कशाला?' पोलिसांनी शोधून द्यावं म्हणून नव्हे रे बाबा. अमुक दिवसानंतर त्या कार्डावर जे झालं ते तू केलं नाहीस, एवढं म्हणायला तारखेचा कागद लागतो, म्हणून.

९. कुठे हरवलं त्यावर ठाणं ठरतं: नालासोपारा पूर्वेला तुळींज नाहीतर आचोळे, वसई स्टेशनच्या पश्चिमेला माणिकपूर, किनाऱ्याकडे अर्नाळा, आणि गाडीत किंवा फलाटावर गेलं असेल तर वसई रोडचे लोहमार्ग पोलीस — चुकीच्या दारात गेलास की तासभर रांगेत उभं राहून दुसऱ्या दाराचा पत्ता मिळतो.

१०. ठाणे अंमलदाराला थोडक्यात सांग: काय, कधी, कुठून कुठे जाताना, लायसन्सचा नंबर — 'सकाळची आठची लोकल, मग फार गर्दी होती, मग एक काळा शर्टवाला' अशी कीर्तनं लावलीस की त्याचा चहा गार होतो आणि तुझा कागद लांबतो.

११. हरवलं असेल तर हरवलं म्हण, मारलं असेल तर मारलं म्हण — गहाळ झाल्याचा दाखला वेगळा आणि चोरीची फिर्याद वेगळी. लवकर सुटका होते म्हणून चोरीला 'हरवलं' म्हणालास, तर पुढे कुणी त्या कार्डाचा गैरवापर केल्यावर तुझाच कागद तुझ्याविरुद्ध बोलेल.

१२. चोरीची फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं नंतर ते बघतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते — हे सांगताना आवाज मऊ ठेव. कायदा तोंडात असावा, पण दातात नसावा.

१३. दाखल्याच्या दोन प्रती काढ आणि मूळ प्रत घरी पत्र्याच्या पेटीत ठेव — नवं कार्ड आलं की लोक दाखला रद्दीत टाकतात. तुला खरी गरज लागली तर ती दोन वर्षांनी लागेल.

आता नवं कार्ड. इथे मला थोडं मागं जाऊ दे. आमच्या वेळी वसई ठाणे जिल्ह्यात होती आणि लायसन्स म्हणजे निळसर पुस्तक, नंबर ठाण्याचा एमएच ०४ चा. पहिल्यांदा हरवलं तेव्हा मी एसटीनं घोडबंदरमार्गे ठाण्याला गेलो. खिडकीवरच्या माणसानं नंबर विचारला. नंबर कुठे होता? पुस्तकात. पुस्तक कुठे होतं? हरवलं होतं. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. मग तुझ्या आजीनं युक्ती काढली आणि पुढच्या खेपेला मी नंबर कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवला. डिसेंबर संपला, कॅलेंडर रद्दीवाल्याकडे गेलं, नंबरही त्याच्या तराजूत बसून गेला. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला; आपला नंबर आता एमएच ४८. जिल्हा बदलला, पण नंबर लिहून न ठेवायची खोड घराण्यातच राहिलेली दिसते.

१४. नंबर तीन ठिकाणी लिही: आईच्या वहीत, घरच्या पेटीत आणि एका मित्राकडे — नंबर असला की सारं दहा मिनिटांचं काम, नसला की सगळ्या घराची झडती. तो वाचायलाही शीक: आधी राज्य, मग कार्यालय, मग साल, मग सात आकडे.

१५. 'सारथी'च्या साइटवर डुप्लिकेटचा अर्ज भर. त्यातला एलएलडी फॉर्म म्हणजे 'माझं हरवलं, फाटलं किंवा नष्ट झालं' असं तुझं लेखी म्हणणं — ते खरंच असू दे, त्याच्याखाली सही तुझी असते.

१६. पोलिसांनी दंडासाठी ठेवून घेतलेलं लायसन्स 'हरवलं' म्हणून डुप्लिकेट काढू नकोस — जप्तीची नोंद त्यांच्याकडे असते आणि खोटं म्हणणं तुझ्याकडे. माझ्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्यानं हे केलं. पाचशेचा दंड वाचवायला गेला आणि सहा महिने खेटे घालत बसला.

१७. अर्ज करायच्या आधी नोंदीतला मोबाइल नंबर बघ — ओटीपी तिथे जातो, आणि तुझा तो नंबर तू दोन सिमं आधी सोडलास. आधी तो बदल, मग पुढे जा.

१८. आधारनं ओळख पटवलीस तर बहुतेक वेळा आरटीओत जावंच लागत नाही — विरारला जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं वाचेल, ते मला चहाला दे.

१९. पत्ता नीट लिही: वाडी, आळी, इमारत, मजला आणि जवळची खूण, म्हणजे देऊळ, चर्च, तलाव जे असेल ते — कार्ड स्पीड पोस्टानं घरी येतं. आपल्याकडे एकाच नावाच्या चार इमारती, त्यामुळे पोस्टमन बिचारा तरी काय करणार. पत्ता सापडला नाही की पाकीट परत फिरतं.

२०. एजंटाकडे जायचंच असेल तर जा, मी सोवळं सांगत नाही. पण फी साइटवर दिसते ती आधी बघ, भरल्याची पावती तुझ्या नावावर घे, आणि ओटीपी त्याला फोनवरून सांगू नकोस — दुसऱ्याच्या हातात दोर दिला की पतंगही त्याचाच.

२१. घाईत 'लायसन्स डुप्लिकेट' असं शोधून पहिली दिसेल ती साइट उघडू नकोस. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघ — तशाच रंगाची आणि तसाच अशोकस्तंभ लावलेली खोटी दुकानं मांडलेली असतात. व्हॉट्सॲपवर 'तुमचं चलान' म्हणून एखादी एपीके फाइल आली तर तिला बोटही लावू नकोस. सरकार दंड मागतं, पण ॲप टाकायला सांगत नाही.

२२. अर्ज करताना मुदत बघून घे. संपायला वर्षाच्या आत असेल तर डुप्लिकेटपेक्षा नूतनीकरणच कर — दोनदा फी कशाला? चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं १-ए प्रमाणपत्र लागतं. हे तुला नाही, तुझ्या बाबांना सांग. त्यांनी त्यांचं पाच वर्षांत उघडून बघितलेलं नाही.

२३. मुदत संपल्यावर महिनाभर चालतं, ही जुनी समजूत सोड — ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. संपलेलं लायसन्स म्हणजे नसलेलं लायसन्स, आणि त्याचा दंड पाच हजार आहे.

२४. तुझ्याबरोबर खोलीत राहणारा तो कणकवलीचा पोरगा आणि नालासोपाऱ्यातले जौनपूरचे रिक्षावाले विचारतील म्हणून सांगतो: डुप्लिकेट ज्या कार्यालयाचं लायसन्स, त्याच्याच नोंदीवर निघतं. जुनं पुस्तक असेल तर ते 'सारथी'त चढलंय का ते हरवायच्या आधीच बघायचं — नसेल तर गावच्या आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, आणि ती दिवाळीत गावी गेल्यावर निवांत होते.

आता माझी दोन लायसन्सांची गोष्ट, जी तुझ्या आईला अजून माहीत नाही. डुप्लिकेट येऊन तीन महिने झाले आणि टेम्पोच्या सीटखाली, जाईच्या सुकलेल्या कळ्या आणि काच पुसायच्या फडक्यात मूळ पुस्तक सापडलं. मला केवढा आनंद! एक गाडीत ठेवलं, एक घरी. पुढे हायवेवर एका साहेबानं अडवलं, एक लायसन्स घेतलं आणि दंड भरेपर्यंत ठेवून घेतो म्हणाला. मी ऐटीत दुसरं काढलं, की बघा, अजून आहे! त्याच्या चेहऱ्यावरचा भाव मला अजून आठवतो. मासा जाळ्यातून सुटून टोपलीत येऊन बसला, असं त्याला वाटलं असणार.

२५. डुप्लिकेट आल्यावर मूळ सापडलं तर मूळ आरटीओत नेऊन जमा कर आणि पोच घे — एका माणसाची दोन कार्डं असली की एक नेहमी चुकीच्या वेळी बाहेर येतं.

२६. गणवेशातल्या पोलिसानं मागितलं तर लायसन्स दाखव, आणि त्यानं ठेवून घेतलं तर पावती माग — पावती नाही तर कार्ड गेलं कुठे हे तूही सांगू शकणार नाहीस.

२७. बाकी कुणालाही लायसन्स गहाण ठेवायचं नाही: भाड्याच्या बाइकवाल्याला नाही, गाडी घासली म्हणून रस्त्यात अडवणाऱ्याला नाही, हॉटेलच्या काउंटरवर रात्रभर तर नाहीच — प्रत दे, फोटो दे, पण कार्ड परत खिशात.

२८. प्रत देताना त्यावर आडवं लिही: 'फक्त अमक्या कामासाठी', तारीख आणि सही, आणि ते अक्षर फोटोवरून जाऊ दे — कोरी झेरॉक्स म्हणजे दार उघडं टाकून जत्रेला जाणं.

आता उलटं. तुला कुणाचं लायसन्स सापडलं तर? यात मी केलेली चूक सगळ्यात साधी आणि सगळ्यात लाजिरवाणी. अर्नाळ्याच्या एसटीत सीटच्या फटीत एक पाकीट मिळालं. आत लायसन्स, विरार-चर्चगेटचा संपत आलेला पास, जीवदानी देवीचा छोटा फोटो, आणि मागच्या कप्प्यात चार घड्या घातलेली एक औषधाची चिठ्ठी. मी घरी नेलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं, रविवारी देऊ म्हटलं. त्या रविवारी लग्न निघालं. पुढच्या रविवारी गेलो तर म्हातारा दारात उभा. म्हणाला, लायसन्स काढलं हो नवीन, पासही काढला. ती चिठ्ठी आहे का तेवढं बघा. ती त्याच्या बायकोच्या मोठ्या डॉक्टरांची होती, आणि त्या चिठ्ठीसाठी तो दोनदा मुंबईला जाऊन आला होता.

२९. सापडलेलं त्याच दिवशी मार्गी लाव — तुझा रविवार दुसऱ्याच्या कामाचे आठ दिवस खातो.

३०. गाडीत किंवा फलाटावर सापडलं तर स्टेशनमास्तर किंवा रेल्वे पोलीस, एसटीत असेल तर वाहक, रस्त्यावर असेल तर जवळचं ठाणं. देताना घेणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घे — 'मी दिलं होतं' याला तेवढाच आधार.

३१. पत्ता जवळचा असेल तर स्वतः नेऊन दे, पण दारात आधी फोटो आणि माणूस ताडून बघ — आपल्या इमारतींत भाडेकरू वर्षाला बदलतो. लांबचा असेल तर स्पीड पोस्ट कर. रजिस्टर पोस्ट २०२५ पासून त्यातच मिसळलंय, तेव्हा खिडकीवर जुनं नाव घेऊन वाद घालू नकोस.

३२. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचं तर नाव आणि कुठे मिळालं एवढंच टाक. नंबर, जन्मतारीख, पत्ता यांवर बोट ठेवून फोटो काढ — चांगुलपणानं टाकलेला फोटो दोनशे लोकांच्या फोनात कायमचा राहतो. आणि 'माझंच आहे' म्हणणाऱ्याला जन्मतारीख विचार, तू सांगू नकोस.

३३. परत देण्यासाठी जवळ ठेवणं गुन्हा नाही. मालक माहीत असून वापरलं किंवा दाबून ठेवलं की गुन्हा — पूर्वी दंड संहितेचं कलम ४०३, आता भारतीय न्याय संहितेचं ३१४, आणि त्यात तुरुंगही आहे. आत पैसे असतील तर दोन माणसांसमोर मोज, नाहीतर तू साव असूनही चोर ठरशील.

३४. बक्षीस कुणी दिलंच तर चहा घे. पैसे मागून घेऊ नकोस — आपल्या वसईत पाहुण्याला केळं देतात, विकत नाहीत.

झालं जवळजवळ. शेवटच्या दोन सवयी, ज्यांनी माझी गेली बारा वर्षं सुखात गेली.

३५. पाकीट मागच्या खिशात ठेवायचं नाही, आणि विरार गाडीत तर पुढच्याही नाही. बॅगेच्या आतल्या कप्प्यात — त्या डब्यात शिरलेला माणूस आणि त्याचं पाकीट एकाच स्टेशनला उतरतील याची हमी कुणी दिलेली नाही.

३६. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाकीट उलटं करून टेबलावर ओत: जुन्या पावत्या फेक, काय आहे ते बघ — काय होतं तेच आठवत नसेल तर काय हरवलं ते पोलिसांना काय सांगणार? तुझ्या आईनं काल तुला नेमकं हेच विचारलं, आणि तुझं उत्तर होतं, 'असेल काहीतरी'.

शनिवारी मी ताईकडे येतोय, सुकेळी घेऊन. तेव्हा दाखला, अर्जाची पावती आणि वहीत लिहिलेला नंबर, तिन्ही टेबलावर दिसू देत. सुकेळी त्यानंतर सोडू.